मधला पांढरा पट्टा

आईने टीपॉयवर कापड पसरलं, चारी बाजूंनी सारखं लोंबतंय ना ते वाकून पाहिलं आणि मधली सुरकुती तळहाताने दाबून काढली. केस पुसत बाथरूममधून बाहेर आलेला शिलू दारातच थांबला.

“हे कुठे मिळालं तुला?”

“तुझ्या बॅगेत. स्वेटरच्या खाली.” आईने त्यावर बशा मांडायला घेतल्या. “एवढं चांगलं साटीन, असं कोंडून काऊन ठेवलं रे? टीपॉय किती ओरखडला आहे आपला. पाहुण्यांसमोर लाज वाटते.”

वारज्यात इतकी वर्षं काढूनही आईच्या बोलण्यातून भंडारा जिल्हा गेला नव्हता.

“काढ ते. दुसरं काहीतरी घाल.”

“दुसरं काय घालू, टॉवेल?”

शिलूने कापडाचं टोक धरलं, तेवढ्यात बेल वाजली. वडील, भीमराव, आतल्या खोलीतून सदऱ्याची बटणं लावत आले आणि त्यांनी त्याला नजरेनेच आत पिटाळलं. ओल्या केसांनी पाहुण्यांसमोर उभं राहायचं नव्हतं.

आत जाऊन शिलू शर्ट घालून पलंगाच्या कडेवर बसला. बाहेर चपला काढल्याचे आवाज, मग खुर्च्या सरकवल्याचे. कापडाला सात पट्टे होते. गडद गुलाबी, फिका गुलाबी, जांभळट, मधोमध पांढरा, मग पुन्हा जांभळट, फिका निळा आणि गडद निळा. ऑफिसातल्या ऋचाबरोबर रविवार पेठेत फिरून ते रंग त्याने निवडले होते. ऋचाने सदाशिव पेठेतल्या आपल्या घरी, आईच्या शिलाई मशीनवर ते जोडून दिले होते. जूनमधल्या एलजीबीटी लोकांच्या प्राइड मिरवणुकीत तोंडाला मास्क लावून, टोपी डोळ्यांपर्यंत ओढून, शिलूने ते तासभर खांद्यावर घेतलं होतं. तेव्हापासून ते बॅगेत होतं.

शीलरत्न हे त्याचं पाळण्यातलं नाव. शाळेत मुलं ‘शिलू’ नावावरून चिडवत, मुलीचं नाव म्हणून. शिलूला त्याचा राग कधी आला नाही आणि तेच त्याला तेव्हा कळेना. काही दिवस सकाळी उठताना मनातलं वाक्य ‘मी उठलो’ असं यायचं, काही दिवस ‘मी उठले’ असं. कधी एकाच दिवशी दोन्ही. घरात सगळे ‘तो’ म्हणत आणि ते काही खोटं नव्हतं. अर्धं होतं, एवढंच.

“शीलरत्न, या बाहेर,” वडिलांनी हाक मारली. पाहुण्यांसमोर ते त्याला अहो-जाहो करत.

रामटेके साहेब सोफ्यावर बसले होते, शेजारी त्यांच्या पत्नी आणि कडेच्या खुर्चीत त्यांची मुलगी नम्रता. शिलूला तिच्या समोरची खुर्ची मिळाली. दोघांच्या मध्ये टीपॉय होता. गुलाबी पट्ट्यांवर पोह्यांच्या बशा होत्या, निळ्यांवर पाण्याचे पेले आणि पांढऱ्यावर रामटेके साहेबांचा चहा.

बोलणं नेहमीच्या वाटेने गेलं. हिंजवडीला जायला किती वेळ लागतो, फ्लॅट कधी घेतला, गावाकडे आता कोण असतं. नम्रता बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करते असं तिच्या आईने सांगितलं. नम्रताने बशी उचलली, खालचे पट्टे पाहिले आणि बशी हातातच धरून ठेवली. परत ठेवली नाही.

“टीपॉय छान सजवलाय,” रामटेके बाई म्हणाल्या.

“शिलूचंच आहे ते,” आई म्हणाली. “आवड आहे त्याला रंगांची.”

भीमरावांना तेवढं पुरलं. निवृत्तीनंतर ते दर रविवारी विहारात लहान मुलांचा वर्ग घेत आणि त्यांचा आवडता धडा ध्वजाचा होता.

“रंगाला अर्थ असतो, साहेब. आपल्या पंचशील ध्वजाचंच बघा. निळा म्हणजे करुणा, पिवळा मध्यम मार्ग, पांढरा शुद्धता. मुलांना मी सांगतो, नुसता फडकवू नका, वाचायला शिका.” ते टीपॉयकडे वळले. “हे कशाचं आहे रे, शिलू? पट्टे मुद्दाम लावलेले दिसतात.”

“कशाचं नाही, बाबा. ऑफिसच्या कार्यक्रमातलं. सजावटीचं.”

“अर्थाशिवाय कोणी सात पट्टे जोडतं का? एवढी मेहनत? मधे पांढरा, दोन्हीकडे तेच जांभळट. कोणीतरी विचार केलाय यामागे.”

सगळे कापडाकडे बघत होते. शिलूने काहीतरी करायचं म्हणून रामटेके साहेबांचा कप त्यांच्यापुढे सरकवायला हात पुढे केला. कप बशीतून निसटला आणि चहा पांढऱ्या पट्ट्यावर पसरला.

“राहू द्या, राहू द्या,” रामटेके साहेब पाय आखडत म्हणाले.

आई ओलं फडकं घेऊन धावली. “मी बघते. तुम्ही दोघं जाऊन बोला बरं गॅलरीत. आमच्यासमोर काय बोलणार?”

गॅलरीतून बायपासवरचे ट्रक दिसत होते, चांदणी चौकाकडे चढणारे. स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीतच उघडत असे. नम्रताने दार ओढून घेतलं आणि कठड्याला टेकून उभी राहिली.

“आमच्या ऑफिसात जूनमध्ये लिफ्टजवळ सगळे झेंडे लावतात,” ती म्हणाली. “लिफ्ट वेळेवर येत नाही, त्यामुळे माझे पाठ झालेत.”

शिलूने कठडा घट्ट धरला.

“बायजेंडर,” ती म्हणाली. “बरोबर ना? पण तिथल्या झेंड्यात पिवळा पट्टा होता.”

“तो दुसरा आहे,” शिलूचा आवाज खाली गेला. “एकाच गोष्टीचे चार-पाच झेंडे आहेत. कुठला खरा, यावर अजून भांडणं चालू आहेत. मला हा जवळचा वाटला.”

“का?”

हा प्रश्न आजवर त्याला कोणी विचारला नव्हता. ऋचानेही नाही. ती मशीनवर बसली होती आणि तिला फक्त मापं हवी होती.

“गुलाबी म्हणजे बाईपण, निळा म्हणजे पुरुषपण. हे कोणीही सांगेल. जांभळट म्हणजे दोन्ही एकात मिसळलेलं. आणि पांढरा…” तो थांबला. “पांढरा म्हणजे इकडून तिकडे जाण्याची जागा. तिथे उभं असताना आपण कोणीही असू शकतो. माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.”

“त्याच्यावरच चहा सांडलास.”

शिलूला हसू आलं.

“मग तुला काय म्हणायचं?” नम्रताने विचारलं. “आलास, की आलीस?”

“दोन्ही चालतं. घरी एकच चालतं.”

“म्हणजे तुला मुलगे आवडतात?”

“तो प्रश्न वेगळा. या कापडात तो नाही.”

“मग लग्न का नको?”

“नको असं नाही. पण जिच्याशी होईल तिला मी अर्धाच माहीत असेन. जन्मभर तिच्यासमोर अर्धंच वाक्य बोलायचं, असं वाटतं.”

नम्रताने खाली पार्किंगकडे पाहिलं. स्वयंपाकघरात मघापासून चाललेला भांड्यांचा आवाज थांबला होता.

“मला आता पूर्ण माहीत आहे,” ती म्हणाली. “पण म्हणून मी हो म्हणेन असं नाही. विचार करायला मला वेळ लागेल. आणि यांना उत्तर आज संध्याकाळी हवंय.” तिने ओढणी सारखी केली. “मी नाही म्हणून सांगते. ऑफिस लांब पडतं म्हणेन. हे मी कोणाला सांगणार नाही.”

“तुझ्या घरी काय म्हणतील?”

“आधीच दोन स्थळांना नाही म्हटलंय. बाबा हल्ली माझ्याशी जेवणापुरतं बोलतात. आता तेही बंद होईल.” ती दाराकडे वळली. “आणि पुढच्या महिन्यात दुसरी कोणीतरी येईल तुझ्याकडे. तिला काय सांगशील?”

“तू काही सांगू नकोस,” शिलू म्हणाला. “नकार माझा जाऊ दे.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि दार उघडलं.

पाहुणे गेल्यावर भीमराव खुर्चीत ऐसपैस बसले. बऱ्याच दिवसांनी ते खुशीत दिसत होते.

“मुलगी हुशार आहे. गॅलरीत हसत होतास, दिसलं मला काचेतून. कळवू मग?”

“नाही, बाबा.”

“काय नाही?”

“नकार कळवा. आणि नकार माझ्याकडून आहे असं स्पष्ट सांगा. तिच्यात काही कमी नाही.”

भीमरावांनी चष्मा काढला. “कारण?”

शिलूने तोंड उघडलं. एवढ्याशा खोलीत सोफा, शोकेस आणि तसबिरीतल्या बाबासाहेबांसमोर एका ओळीत सांगता येईल असं वाक्य त्याच्याकडे नव्हतं. गॅलरीत जे सुटं सुटं आलं होतं ते इथे जिभेखाली जाऊन बसलं.

“आत्ता सांगता येत नाही.”

“पाटबंधारे खात्यात मी आयुष्य घालवलं. कारण लिहिल्याशिवाय कधी कोणाचा अर्ज परत पाठवला नाही. आणि माझ्या घरात…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. पायात चपला सरकवल्या. “विहारात जाऊन येतो. मुलं वाट बघत असतील.”

दार आपटलं नाही. त्यांनी ते नेहमीसारखं हळू लावलं आणि शिलूला तेच जास्त लागलं. तो तिथेच उभा राहिला. बशा उचललेल्या होत्या. टीपॉय उघडा होता, त्याचे ओरखडे दिसत होते. कापड कुठे गेलं हे त्याला आधी कळेना. मग गॅलरीतून पाणी झटकल्याचा आवाज आला.

आईने कापड धुतलं होतं. पिळून, झटकून ती दोरीपाशी उभी होती. समोरच्या इमारतीत एक बाई फुलझाडांना पाणी घालत इकडे बघत होती.

“लिंबू लावलं, साबण लावला,” आई म्हणाली. “पांढऱ्यावरचा डाग सगळा नाही गेला. थोडा राहिला.”

“राहू दे.”

“मघाशी खिडकी लावून घ्यायला हात वर केला होता मी.” ती त्याच्याकडे बघत नव्हती, कापडाची कड सरळ करत होती. “मग नाही लावली.”

खाली एक ट्रक गिअर बदलून चढणीला लागला. शिलूला दाराची चौकट धरावीशी वाटली, त्याने ती धरली.

“तुझ्या बाबांना मी आज काही सांगणार नाही,” आई म्हणाली. “मलाच अजून नीट समजलं नाही. अर्धंमुर्धंच कळलं. तू सांगशील हळूहळू.”

तिने गुलाबी कड दोरीवर टाकली. थोडं मागे होऊन पाहिलं. मग कापड ओढून काढलं, फिरवलं आणि निळी कड वर घेतली. तेही तिला पटलेलं दिसलं नाही. कापडातून पाणी तिच्या पावलांवर गळत होतं.

“शिलू,” तिने विचारलं, “आज कुठला वर ठेवू?”

शिलू पुढे आला आणि त्याने ओल्या कापडाचं दुसरं टोक हातात घेतलं. आई चिमटे मुठीत धरून थांबली होती.