पुडीतली शांतता

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर पुडीवाले बाबा आणि शेजारच्या खुर्चीत धाकटी. कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर फिट येऊन कोसळायची, ती हीच.

"बोल पोरी, पुडी घ्यायला लागल्यापासून पडलीस?"

"नाही."

टाळ्यांचा कडकडाट!

"बाधा खाली बसली! पण पुडी चुकवाल तर दुप्पट जोराने उठेल हां! मी नाही उठवत, मी बापडा निमित्तमात्र!"

मागच्या रांगेत थोरलीचा पाय सारखा हलत होता. धाकटी पडत नव्हती, खरं. पण हसतही नव्हती. केस विंचरायचेही तिच्या जिवावर येत. आई कौतुकाने म्हणे, "किती शांत झाली गं!" आणि काल भांडी विसळताना धाकटी म्हणाली होती, "ताई, मी नसले तर तुमचं सगळं सोपं होईल."

थोरलीला बसवेना. सभा संपताच तिने धाकटीला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सरळच विचारलं, "जीव नकोसा वाटतो का?" इतके दिवस हे कुणी विचारलंच नव्हतं. धाकटी हमसून रडली.

थोरलीने बाबांच्या पुडीचं सांगितलं, तसं रक्त तपासायला गेलं. अहवाल वाचून बाई म्हणाल्या, "हिच्या रक्तात फिटचं जुनं औषध आहे, तेही भरमसाट. कुणीतरी गोळ्या कुटून पुड्या बांधतंय. फिट थांबल्या त्या त्यानेच. ही गुंगीही त्याचीच. अशा औषधाने काहींचं मन आणखी खचतं."

"मग आत्ताच फेकते!"

"अजिबात नाही! एकदम बंद केलंत तर झटके उसळतील."

थोरलीने विचारलं, "म्हणजे पुडी चुकली की बाधा उठते, ते हेच?"

"हेच. औषध तुटल्याचा झटका. बाबांना शाप द्यायचेही कष्ट नाहीत! औषध आपण हळूहळू बदलू. नैराश्य हा वेगळा आजार आहे, फिट असलेल्यांना तो बऱ्याचदा गाठतो. त्यावर बोलून करायचे उपचार आहेत, फिट असताना चालणाऱ्या गोळ्याही आहेत. तोवर हिला एकटीला सोडू नका."

औषध बदलताना धाकटीला एकदा फिट आली. आई घाबरली. पण पुढे एका सकाळी धाकटी थोरलीवर खेकसली, "ताई, माझा कंगवा कुठे टाकलास?" थोरलीला भांडायचंही सुचेना, डोळेच भरून आले.

पुढच्या सभेत थोरली उभी राहिली. बाबा "बसा, बसा" म्हणत राहिले. तिने अहवालात निघालेलं औषध सांगितलं आणि म्हणाली, "पुडी आज टाकू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि घरातलं माणूस गप्प झालं, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला विचारा, तुला कसं वाटतंय?"