उतरवलेली तार

"ती राहू द्या. आवाज जरा बसकाच आहे तिचा," असं म्हणत त्याने गिऱ्हाइकाला हलकेच पुढच्या रांगेकडे वळवलं. भिंतीवरची तपकिरी गिटार आणखी एक दिवस वाचली.

आवाज बसका नव्हताच मुळी. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी दुकान उघडून तो ती खाली घ्यायचा, शटर अर्धंच वर ठेवून मनसोक्त वाजवायचा आणि परत टांगताना तिसऱ्या तारेची खुंटी थोडी सैल करून ठेवायचा. मग दिवसभर कुणीही छेडली तरी ती बेसूरच लागायची. विकत घ्यायची त्याची ऐपत नव्हती. पगार नावापुरता, बाकी सगळी भिस्त कमिशनवर; ते हातात पडायच्या आधीच आईची औषधं दारात उभी. बँडमध्ये जागा मिळेपर्यंत चार महिने काढू म्हणून आला होता गडी, आता कानशिलं पांढरी झाली होती.

गिऱ्हाईक हात हलवत गेलं, तसे मालक गल्ल्यावरून म्हणाले, "या महिन्यात तुझ्या हातून एक मोठी विक्री नाही. आज काही जमलं तर बघ, नाहीतर उद्यापासून गोदामात. खोक्यांशी गोड बोलावं लागत नाही."

"साहेब, गिऱ्हाईकच येत नाही हो."

"येतं. तूच परत पाठवतोस."

त्याची नजर तपकिरी गिटारवर गेली. गोदामात गेलं की ती दृष्टीआड, विकली तरी दृष्टीआड. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

संध्याकाळी बस चालवणारी एक बाई ड्युटी संपवून गणवेशातच आली. तिने सरळ तपकिरी गिटारकडे बोट दाखवलं. तो "आवाज बसका..." म्हणेपर्यंत तिने ती मांडीवर घेतली, कान लावला, तिसरी खुंटी पिळली आणि अंगठा फिरवला. सगळं दुकान भरून गेलं.

"भाऊ, पाच तारा चोख आणि ही एकटीच उतरलेली?"

"हवेनं होतं कधी कधी."

"एकाच तारेला हवा लागते होय?"

मालक मागे येऊन उभे होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला कामचलाऊ येतं," बाई म्हणाली. "तुम्ही वाजवा, मी लांबून ऐकते."

अजून सगळं त्याच्या हातात होतं. चारदोन सूर चुकवले की ती दुसरी गिटार बघणार. त्याने तसं ठरवलंही. पण इतक्या वर्षांत त्या गिटारवर त्याने एकदाही वाईट वाजवलं नव्हतं, आणि बोटांनी त्याचं ऐकलं नाही. सकाळी अर्ध्या शटरआड वाजवायचा ते सगळं त्याने वाजवलं, शेवटपर्यंत.

बाईने पाकीट काढलं. मग म्हणाली, "बांधा."

"बघ!" मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "एक शब्द न बोलता माल गेला. इतकी वर्षं काय करत होतास?"

तो खोळीची चेन लावत होता. ती मध्येच अडकली, म्हणून त्याला मान वर करावी लागली नाही.

दुसऱ्या सकाळी त्या हुकावर नवी निळी गिटार टांगलेली होती. सवयीने त्याचा हात तिसऱ्या खुंटीवर गेला आणि तिथेच थांबला. मग सहाही तारा सुरात आहेत एवढं तपासून त्याने शटर पूर्ण वर केलं.