साठ पावलांवरचा कावळा

"सफूरा, पोरीला त्या खांबाखाली नको बसवू. त्यांची पिल्लं उडायला आलीत," उस्मानचाचा कुंपणापलीकडून म्हणाले, तेव्हा मी खुब्जमध्ये, म्हणजे इथल्या रोटीत, अंडं गुंडाळून दुआच्या हातात देत होते.

"कावळेच आहेत, चाचा. मी कावळ्यांतच वाढलेय."

"तिकडचे वेगळे, हे वेगळे."

"हेही तिकडचेच ना? तुम्हीच सांगता, जहाजांवर बसून आले म्हणून."

"म्हणून तर बोलतंय. घरापासून लांब राहिला की कोण पण खुनशी होतो," असं म्हणून ते हसले आणि पंपाच्या खोलीकडे गेले. मीही हसले. दुआला तिथेच बसवलं आणि कपडे वाळत घालायला वळले.

तिसऱ्या दिवशी खांबावरच्या घरट्यातून एक पिल्लू खाली पडलं. दुआ, वय वर्षं तीन, त्याला खुब्जचा तुकडा द्यायला गेली. मला फक्त पंखांचा आवाज आला. वळेपर्यंत तिचा डावा गाल लाल झाला होता. डाव्या पापणीला पाच टाके पडले. इथल्या, सौदीतल्या राबिघच्या दवाखान्यातला डॉक्टर दोन बोटं जवळ आणून म्हणाला, "अर्धा सेंटिमीटर. नशीबवान आहात."

मला नशीबवान व्हायचं नव्हतं. मला तो कावळा मेलेला हवा होता, आणि तोही त्याच्या पिल्लादेखत.

माझा नवरा हाशिर शिफ्टवरून आला की चेष्टा करायचा. "काय, आज कोर्टात तारीख होती का कावळ्याची?" दुआ पट्टी बांधून कार्टून बघत असायची आणि मी खिडकीत फोन घेऊन बंदुकांबद्दल वाचत असायचे. लांबून बारीक जनावर टिपायला कुठलं बोअर, किती वजनाची गोळी, साठ मीटरवर ती किती खाली येते, वारा तिला किती ढकलतो. बीएस्सी फिजिक्सला लग्नानंतर हात लावला नव्हता, ते सगळं झपाझप आठवायला लागलं. इतकं मन लावून मी परीक्षेलाही वाचलं नव्हतं.

आम्ही राहतो ते घर अबू फहदच्या शेताला लागून आहे. उस्मानचाचा त्याच शेतावर एकतीस वर्षं पंप मेकॅनिक. बाणकोटच्या खाडीकाठचे. खजुराच्या घडांवर कावळे तुटून पडायला लागले, तेव्हा अबू फहदने, म्हणजे त्यांच्या कफीलने, व्हिसा देणाऱ्या मालकाने, त्यांच्या हातात हवेची बंदूक दिली. तिला इथे साकतून म्हणतात. तेव्हापासून राबिघमधली आमची कोकणी माणसं त्यांना 'कावळेवाले चाचा' म्हणू लागली. एका छऱ्यात एक कावळा, अशी त्यांची ख्याती. कावळे त्यांचा चेहरा ओळखत. ते मळ्यात आले की सगळे उडून साठ पावलांवर जाऊन बसत, त्याच्या आत येत नसत. म्हणजे मारायचं तर लांबूनच.

"मला तो मारून द्या," मी पंपाच्या खोलीत जाऊन म्हणाले.

चाचांनी दुआचे टाके पाहिले होते. पट्टी बदलताना तिचं डोकं त्यांनीच धरलं होतं. बराच वेळ ते एका जुन्या बेअरिंगला ग्रीस लावत राहिले, मग म्हणाले, "बघू."

"बघू नाही. रायफल घ्या. पॉइंट टू-टू, अबू फहदच्या कपाटात आहे. गोळी होलो पॉइंट घ्यायची, आत गेली की फुलते."

"युट्यूब बघितलास?"

"फिजिक्स शिकलेय मी."

"मग सांग. कावळा खांबाच्या टोकाला. गोळी चुकली. मग ती जाते कुठं?"

मी दारातून खांबाकडे बघितलं.

"किलोमीटरभर तरी जाते. पलीकडं लेबर कॅम्प हाय. तिथं कोण तरी बनियन वाळत घालत असतो. त्याला पण कोण तरी हाय घरी."

"तुम्ही चुकता थोडेच?"

"लायसन कफीलच्या नावावर. रायफलला मी हात लावायचा नाय," एवढंच म्हणाले आणि साकतून बाहेर काढली. छऱ्यांच्या दोन डब्या उघडल्या. "हा हलका. जोरात सुटतो, पण वाऱ्यात भरकटतो. हा जड. सावकाश जातो, पण सरळ. समुद्राचा वारा सुटायच्या आधी, सकाळीच मारायचा." एकेक छर्रा ते चिमटीत फिरवत होते. ज्याची कड चेपलेली, तो बाजूला टाकत होते. छऱ्यांकडे बघतही नव्हते. मला ते कौशल्य वाटलं.

"आधी कागदावर नेम तपासू या?" मी विचारलं.

"छर्रे कशाला फुकट घालवायचे?"

मला घाई होती. मी मान डोलावली.

शुक्रवारी सकाळी हाशिर कामावर होता. दुआला मी घरात टीव्हीसमोर बसवलं आणि दाराला बाहेरून कडी लावली. कावळा खांबावर होता. चाचा खताच्या पोत्यांवर बंदूक टेकवून पालथे पडले, दुर्बिणीला डोळा लावला. मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले.

पहिला छर्रा सुटला. कावळ्याने मानसुद्धा वळवली नाही.

"कुठून गेला?" त्यांनी विचारलं.

"दिसला नाही."

दुसरा. कावळा ओरडला, बसल्या जागी.

"अजून हाय ना? कुठल्या बाजूच्या फांदीवर?"

"चाचा, तो लाइटचा खांब आहे. त्याला फांद्या नाहीत."

"हां. खांबच," ते म्हणाले.

तेवढ्यात आमच्या गच्चीच्या बाजूने दुसरा कावळा ओरडला. चाचांनी नळी आवाजाकडे वळवली. मी "नको" म्हणेपर्यंत तिसरा छर्रा सुटला होता. आमच्या पाण्याच्या टाकीतून बारीक धार लागली. टाकीखाली खोली. खोलीत दुआ.

मी धावत घरात गेले. ती कार्टून बघत होती. "मम्मा, मूव्ह," म्हणाली, कारण मी टीव्हीसमोर उभी होते.

परत आले तेव्हा चाचा पोत्यांवर उठून बसले होते. बंदुकीतली हवा त्यांनी सोडून दिली होती.

"कधीपासून?"

"उजव्यानं दीड वर्ष झालं, दिसत नाय. डाव्यात रमजानपासून धुकं."

"आणि मला विचारत होतात, गोळी जाते कुठं?"

"म्हणूनच तर रायफल घेतली नाय, बाय."

"मग नाही म्हणायचं होतं सरळ!"

"तुझ्या पोरीचे टाके हाताला लागले. लाज वाटली नाय म्हणायची." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "अबू फहदला सांगू नको. मेडिकलला पाठवील, मग खुरूज लागेल, कायमचं घरी. तिकडं मी काय करू? बायको होती, फातिमा, ती गेली, भाचा मुंबईत. इथं मी आवाजावर काम करतंय. कुठल्या पंपाचं बेअरिंग गेलंय, मळ्याच्या मधोमध उभा राहून सांगतंय. त्याला डोळा लागत नाय. बंदूक परत देतो आजच. खलास. पुन्हा हात लावला तर बोल."

ते खरं बोलत होते, हे मला तेव्हाही कळलं. बंदूक गेली असती तर प्रश्न मिटला असता. बंदूक काढून घ्या, एवढंच अबू फहदला सांगता आलं असतं.

जुम्म्याची नमाज झाल्यावर मी अबायाची बटणंही न लावता त्याच्या दाराशी गेले. मला येणाऱ्या चार शब्दांच्या अरबीत म्हणाले, "उस्मान, ऐन खलास." उस्मानचे डोळे संपले. बंदुकीचं मी बोललेच नाही. पंपाचं बोलले. विजेच्या तारांशी आंधळा माणूस काम करतो, असं हातवारे करून सांगितलं. घरी येताना स्वतःला सांगत होते, दुआसाठी केलं. पण माझ्या छातीत जे थंडगार पडलं होतं, ते मी ओळखत होते. कुणाला तरी भोगायला लावायचं होतं. कावळा हाती लागला नव्हता. चाचा लागले.

संध्याकाळी टाकीवर खुडबुड ऐकू आली. चाचा शिडीवर होते. अंगठ्याने भोक चाचपून त्यांनी त्यात रबराचा वायसर आणि बोल्ट बसवला, भोवती हात फिरवून ओल बघितली आणि पायाने एकेक पायरी शोधत खाली उतरले. मी पडद्याआड उभी होते. घरी परत जाण्याचा अबू फहदचा निरोप त्यांना त्याआधीच, दुपारच्या असरच्या नमाजेला मिळाला होता, हे मला हाशिरने नंतर सांगितलं.

"तू बोललीस का?" हाशिरने विचारलं.

"हो."

त्यानंतर तो कावळ्यावरून कधी चेष्टा करत नाही. तसा तो माझ्याशी फारसं बोलतही नाही.

अबू फहद वाईट माणूस नाही. त्याने तिकीट काढलं, नवा पायघोळ थोब शिवून दिला, विमानतळावर स्वतः सोडायला गेला. जाण्याआधी चाचा आमच्या दाराशी आले. दुआच्या पापणीवरून बोट फिरवून म्हणाले, "टाके चांगले बसलेत," आणि माझ्या बाजूला तोंड करून, "येतो बाय." मी जिथे उभी होते, त्याच्या हातभर डावीकडे बघून.

पुढच्या आठवड्यात अबू फहदने रायफलीने चार कावळे पाडले. मी जाऊन पाहिले. चारही सारखेच होते. त्यांतला आमचा कुठला, ते सांगू शकणारा एकच माणूस होता, तो आवाजावरून.

चाचांचं इथलं सिम बंद आहे. माझ्या मेसेजला एकच टिक दिसते. भाच्याचा नंबर कुणाकडे नाही. मोतीबिंदूच असेल तर तासाभराचं काम, असं मी वाचलंय. पण दवाखान्यात त्यांना हाताला धरून नेणारं कुणी आहे का, मला माहीत नाही.

तुमच्यापैकी कुणी बाणकोटच्या बाजूला जाणार असेल, तर एवढं करा. जेट्टीवर उतरून मोहल्ल्यात विचारा, सौदीवाले उस्मान मेकॅनिक कुठे राहतात. माझं नाव सांगू नका. काहीच बोलू नका. चपला बाहेर काढून त्यांच्या अंगणात आवाज न करता उभे राहा. त्यांनी तुमच्याकडे बघून आपण होऊन "या, बसा" म्हटलं, तर मला कळवा. आणि तसं म्हटलं नाही, तरी कळवा.