केसरचा कान

काही नीट ऐकायचं असलं की केसर आधी हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवून घट्ट बसवायची. काचेचा तो हिरवा किणकिणाट थांबला की तिच्याभोवती एक निःशब्द वर्तुळ तयार होई. मान किंचित डावीकडे कललेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि ओसरीच्या कवाडाच्या फटीतून आलेला उन्हाचा कवडसा तिच्या कानातल्या साध्या कुडीवर थरथरत असलेला. बाहेर अंगणात आमची जुनी गाडी धडधडत उभी असे आणि आत, दाराआड, केसर तिचा श्वास ऐकत असे. शेजारच्या खोलीत निजलेल्या आजारी लेकराचा आई ऐकते तसा. त्या क्षणी ती फार सुंदर दिसायची. आज मी हे लिहू शकते. तेव्हा मनातल्या मनातही म्हटलं नसतं.

केसर माझी धाकटी जाऊ. संस्थानं विलीन होत होती, त्या दिवसांत ती आमच्या घरी आली. नर्मदेकडच्या एका लहानशा संस्थानाचा मोटारखाना मोडीत निघाला आणि तिथली शिकारीला नेण्याची, मागे उघडा हौदा असलेली गाडी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लिलावात घेतली. तापीकाठच्या आमच्या मळ्यातून केळीचे घड बऱ्हाणपूरच्या स्टेशनावर न्यायला ती हवी होती. मोटारखान्याचे वृद्ध फिटर गाडी समजावून द्यायला आमच्याकडे चार दिवस राहिले, आणि त्या चार दिवसांत त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं माझ्या दिराशी लग्न जमलं. एकाच वर्षी गाडी आणि केसर, दोघीही आमच्या दारात आल्या. पुढे सहा महिन्यांत तिचे वडील वारले. संस्थान आधीच गेलं होतं. तिचं माहेर जणू नकाशावरूनच पुसलं गेलं. माझं माहेर रावेरकडे, अर्ध्या दिवसाच्या बैलगाडीवर. भाऊ, भावजया, आंब्याची झाडं, सगळं जिथल्या तिथं. तरी जिच्यापाशी काहीच उरलं नव्हतं, तिचाच हेवा मी करीत होते.

कारण तिच्यापाशी तो कान होता. मोटारखान्याच्या काळ्या तेलकट फरशीवर खेळत ती वाढली होती. माझ्या हातच्या पुरणाचं, माझ्या शिवणाचं घरात कौतुक होतं, पण ते घरातल्या हवेसारखं. असायचंच, म्हणून कोणाच्या ध्यानात न येणारं. केसरनं मात्र आल्या आल्या गाडीचा आवाज ऐकून "पट्टा ढिला झालाय" असं माझ्याकरवी सांगितलं आणि ते खरं निघालं, तेव्हा मामंजींनी ताटावरून मान वर केली. नऊ वर्षांत माझ्यासाठी ती मान तशी वर झाली नव्हती.

आमच्या घरची रीत अशी की धाकट्या सुनेनं सासऱ्यासमोर आणि थोरल्या दिरासमोर बोलायचं नाही. गाडी चालवायचे ते माझे यजमान, म्हणजे तिचे थोरले दीर. तिचा नवरा नेपानगरला कागदाच्या कारखान्यात लागलेला, रविवारी तेवढा घरी. त्यामुळे गाडीचं काही सांगायचं असलं की ती मला सांगे आणि मी उंबऱ्यावर उभी राहून ह्यांना सांगे. तिचा उष्ण श्वास माझ्या कानाशी, तिचे शब्द माझ्या जिभेवर, आणि त्या शब्दांनी उजळणारा ह्यांचा चेहरा माझ्यासमोर. तो उजेड माझ्यावर पडे. माझा मात्र तो नसे. हे विचारत, "अजून काय म्हणते ती?" मग मी पुन्हा आत वळे.

त्या वर्षी पळस फुलून गळून गेला आणि ऊन पांढरं होऊ लागलं, तेव्हा गाडी खोकायला लागली. नदीकडून वर येणाऱ्या चढावर तिचा दम तुटे, धुराच्या नळीतून फटफट आवाज निघे. गावातल्या एका मिस्त्रीनं दोनदा पेट्रोलची नळी साफ करून दिली. काही फरक पडला नाही. केसरनं बांगड्या वर सरकवल्या, बराच वेळ ऐकलं, आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आक्का, कॅमशाफ्ट घासलाय. त्याइले सांगा, दुसरा टाकल्याबिगर जमनार नाही."

कॅमशाफ्ट म्हणजे काय, हेही तिनंच मला दाराआड मातीवर बोटानं काढून दाखवलं. इंजिनाच्या पोटात आडवा बसलेला लोखंडी दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. दांडा फिरतो, एकेक उंचवटा एकेक झडप उचलतो, इंजिन श्वास घेतं आणि सोडतं. एखादा उंचवटा वर्षानुवर्षं घासून सपाट झाला की त्याची झडप पुरती उघडत नाही, आणि इंजिन अर्ध्या श्वासावर जगू लागतं. मला ते चटकन कळलं. माझ्याही छातीत तेव्हा काहीतरी असंच अर्धं उघडत होतं.

हे भुसावळला गेले आणि जुन्या सामानाच्या बाजारातून त्याच जातीच्या गाडीचा, कमी झिजलेला कॅमशाफ्ट घेऊन आले. मग दोन दिवस अंगणात गाडीचं पोट उघडं पडलं होतं. रेडिएटर निघालं, पुढचं झाकण निघालं. एकेक नट कोणत्या वाटीत ठेवायचा ते केसर सांगे, मी पोचवी. जुना दांडा हळूहळू, पैठणीतून सुई ओढावी तसा, ह्यांनी पुढून बाहेर काढला. त्यावरचा एक उंचवटा खरंच सपाट झाला होता. मामंजींनी त्यावरून अंगठा फिरवला आणि दाराकडे पाहत म्हणाले, "पोरीनं आतमधी न पाहता सांगितलं."

दाराकडे पाहत, माझ्याकडे नव्हे. मी त्याच दारात उभी होते.

दुसऱ्या दिवशी नवा दांडा बसवायचा होता. त्याच्या टोकाला गरारी, म्हणजे दातेरी चाक, असते आणि खालच्या मोठ्या दांड्यालाही एक. दोन्हींवर एकेक ठिपका कोरलेला, आणि ते ठिपके समोरासमोर यावे लागतात, नाहीतर झडपा चुकीच्या वेळी उघडतात. केसर कवाडाला टेकून बसली होती. गव्हातले खडे निवडता निवडता ती म्हणाली, "आक्का, त्याइले सांगा, ठिपक्यासमोर ठिपका धरून आत घाला. पन दात तिरपे हायेत. आत सरकता सरकता गरारी थोडी फिरते. म्हनून बसल्यावर ठिपके पुन्हा पाहा म्हना. हे जरूर सांगा."

मी उंबऱ्यावर गेले. ऊन डोळ्यांत शिरत होतं. हे घामानं निथळत गुडघ्यावर बसलेले, हाताला कोपरापर्यंत काळं तेल. त्यांनी वर पाहिलं, आणि त्या पाहण्यात माझ्यामागच्या दारासाठी जी उत्सुकता होती ती मला स्वच्छ दिसली.

मी म्हटलं, "ठिपक्यासमोर ठिपका धरून आत घाला म्हणते."

"अजून काय?"

"बस, एवढंच."

ते वाक्य मी विसरले नव्हते. ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं, आणि मी ते गिळलं. गिळताना त्याची एक थंडगार, गोड चव लागली, हेही मी विसरलेले नाही.

गाडी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात घड कापले गेले, स्टेशनात वॅगन लागलेली होती. भरलेली गाडी नदीच्या चढावर निम्म्यात थांबली, आणि धुरानं, फटफटाटानं सारा काठ भरून गेला. बैलगाड्या जुंपून माल वर येईतो वॅगन निघून गेली होती. हिरवे घड दिवसभर उन्हात पडून काळवंडले. संध्याकाळी मामंजी ओसरीवर बसले आणि कोणाकडे न पाहता म्हणाले, "मोटारखान्याची विद्या मोटारखान्यासंगं गेली. आता बाईमानसाचं ऐकून इंजन खोलायचं नाही. गिऱ्हाईक पाहा आन् विकून टाका हे डबडं."

मी आत ताटं मांडत होते. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण तो दूध फाटावं तसा पाहता पाहता नासत गेला. केसर चुलीपाशी होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, आणि पाठमोरीच विचारलं, "आक्का, बसल्यावर पुन्हा पाहायचं सांगितलं व्हतं ना त्याइले?"

"सांगितलं होतं."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. निखाऱ्यांचा तांबूस उजेड तिच्या चेहऱ्याच्या एका बाजूला होता. राग नव्हता त्या नजरेत. नुसतं लक्ष होतं, इंजिनाकडे असायचं तसंच. मग ती भाकरीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मामंजी दातवण करीत अंगणात उभे असताना, केसर उंबरा ओलांडून बाहेर आली. डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला, बांगड्या वर सरकवलेल्या. ती ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि त्या घरात पहिल्यांदाच तिचा आवाज माझ्यावाचून उमटला. किंचित कापरा, पण स्वच्छ.

"दादा, म्होरचं झाकन एक डाव खोला. चूक माझी व्हती. मी आक्काले पुरतं सांगितलंच नाही."

हे गोंधळून मामंजींकडे पाहू लागले. मामंजींनी चूळ भरली, थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "खोल बा. ऐक तिचं."

झाकण निघालं. ठिपके एका दातानं सरकलेले होते. तिनं स्वतः गुडघ्यावर बसून, लुगडं सावरून, गरारी बाहेर घेतली, एक दात मागे धरून आत सरकवली, आणि बसल्यावर खाली वाकून पुन्हा पाहिलं. दुपारी गाडी भरल्या हौद्यानं नदीचा चढ चढून आली. विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. मामंजी तिला फक्त म्हणाले, "हात धू, पोरी, आन् जेवून घे." ती मोरीवर राखेनं हात घासत होती आणि मी तांब्यानं तिच्या हातांवर पाणी ओतत होते.

त्या दिवसापासून ती सगळ्यांशी सरळ बोलू लागली. माझ्या जिभेची गरज उरली नाही. जे मला सलत होतं ते संपलं, आणि ते संपताच कळलं की तिच्या आणि जगाच्या मध्ये मी होते, एवढंच माझं त्या घरातलं महत्त्व होतं. तेही मीच दवडलं. पुढे प्रांतांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या, माझं माहेर परराज्यातच राहिलं, आणि केसर नवऱ्याकडे नेपानगरला राहायला गेली. तिथंही शेजारपाजारचे लोक पाण्याचा पंप बिघडला की तिला बोलावतात, असं कानावर येई. मला हेवा वाटे. इतकं होऊनही वाटे.

ह्यांना मात्र ती गोष्ट सांगायला फार आवडे. लग्नकार्यात, पंगतीत, हसत हसत सांगायचे, "आमच्या केसरचा कान उभ्या आयुष्यात कधी चुकला नाही, फक्त एकदा चुकला." तिच्या मुलीच्या लग्नात ती समोर बसलेली असतानाही त्यांनी ती सांगितली. सगळे हसले. केसरही हसली आणि म्हणाली, "खरं हाये, दादा. तेव्हा चुकले मी." माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही, केलेल्या उपकाराची एका नजरेनंही आठवण न करून देण्याइतकी ती श्रीमंत होती. मी पानावरची जिलेबी मोडत राहिले. तिथं बोलता आलं असतं. त्याआधी अन् त्यानंतरही कितीदा तरी बोलता आलं असतं.

आता केसर नाही, हेही नाहीत. ती गोष्ट ज्यांनी ऐकली ते अजून तशीच सांगतात, आणि तिच्या निर्दोष आयुष्यातली ती एकुलती एक चूक वर्षागणिक अधिक खरी होत जाते. माणसं गेल्यावर काळ त्यांच्याविषयी काहीच विसरत नाही, आपण जे सांगितलं नाही तेवढंच तो कायमचं विसरून जातो.