मेंढरं बसवायचं ॲप

शिवकन्या नेमकं काय काम करते, हे तिच्या सास्तूरच्या घरच्यांनाही नीट सांगता यायचं नाही. ॲप बनवणारे वेगळे, ते पुण्यात बसायचे. त्यांनी काय बनवायचं, हे लोकांना विचारून, समजून घेऊन कागदावर मांडायचं, ते शिवकन्येचं काम. तिच्याच जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या एका शेतकरी कंपनीनं रानात मेंढरं बसवण्यासाठी ॲप मागितलं, तेव्हा तिच्या वरिष्ठ समृद्धी मॅडम म्हणाल्या, "तूच जा. तिकडची बोली तुला कळते."

मेंढरांचा कळप रात्रभर रानात बसला की लेंड्या मातीत पडतात आणि पुढचं पीक जोमानं येतं. त्यामुळं हंगाम संपला की शेतकरी मेंढपाळांना शोधत फिरतात. कंपनीचे अध्यक्ष योगीराज यांना ही पायपीट थांबवायची होती.

"शेतकऱ्यानं बटण दाबायचं," ते म्हणाले, "कुठल्या रानात बसवायची ते टाकायचं. मेंढपाळाला निरोप जाईल, तो येईल. झालं. लई गुंतागुंत करू नका, ताई."

शिवकन्येनं तसंच लिहिलं. कागद जवळपास तयार झाला. सही घेण्याआधी एखाद्या मेंढपाळाला वाचून दाखवावा, एवढ्यासाठी ती माळाच्या कडेला उतरलेल्या एका बिऱ्हाडाकडं गेली. तिथला मेंढपाळ बिराप्पा कळप घेऊन चारायला गेला होता. त्याची बायको हरणाबाई जाळीच्या कुंपणात कोकरांना पाला टाकत होती. तिनं हातातलं काम न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

"बरं हाय," ती म्हणाली. "पर आमी काय इचारायचं, ते कुठं हाय ह्यात?"

"तुम्हाला काय विचारायचं असतं, मावशी?"

"रान फवारलंय का, ते."

मग तिनं सांगितलं. गेल्या साली तूर निघालेल्या एका रानात कळप बसवला होता. मेंढरांनी खाली पडलेला पाला खाल्ला. सकाळी कोकरांच्या तोंडाला फेस. डॉक्टर येईपर्यंत बरीच गेली.

"त्या मालकाला तरी काय बोलावं? फवारा वाटेकऱ्यानं मारल्याला. ह्याला ठावंच न्हवतं. त्यो बी आमच्यासंगं डोक्याला हात लावून बसला." हरणाबाईनं एका कोकराला पुढं ढकललं. "म्या त्येला शिव्या दिल्या न्हायत्या. पर इचारायचं ऱ्हायलं, ह्ये मनातनं जात न्हाय."

शिवकन्येनं तिथूनच पुण्याला फोन लावला.

"अगं, सही आज हवी होती," समृद्धी मॅडम म्हणाल्या.

"आज घेतली तर अर्धवट कागदावर घेतली जाईल, मॅडम."

मॅडमनी सहीची तारीख पुढं ढकलली. "ठीक आहे. पण पूर्ण करूनच ये."

रानात काय फवारलंय ते शेतकऱ्यानं ॲपमध्ये भरावं, हे योगीराजांना मात्र पटेना. "औषधाचं लेखी द्यायचं? उद्या कुणाचं मेंढरू दगावलं की बोट शेतकऱ्याकडं. आमच्यातला एकबी हे ॲप उघडायचा न्हाय."

शिवकन्येला त्यांचं म्हणणंही खोटं वाटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "दादा, हे मला नका सांगू. हरणाबाईंना सांगा. मी फक्त लिहून घेते."

दुसऱ्या दिवशी सकाळी योगीराज मोटारसायकल घेऊन माळावर आले. हरणाबाईनं पोतं झटकून अंथरलं, चहा ठेवला. बोलणं सुरू झालं ते पावसापाण्यावरून, आणि हळूहळू फवाऱ्यावर आलं.

"औषधाची नावं आमच्याच ध्यानात राहत न्हायत," योगीराज म्हणाले. "इंग्रजी नाव, त्यात दुकानदार दर खेपेला नवंच काढून देतो. काय लिहिणार?" बोलता बोलता ते थांबले, उठले, आणि शेजारच्या आपल्या रानातल्या पंपाच्या खोलीतून एक रिकामा डबा घेऊन आले. "ह्यो डब्यावरच्या तिकोनाचा रंग बघा. तांबडा म्हंजी लई जहाल. मग पिवळा, निळा, हिरवा. नाव नसलं तरी रंग सांगता येतोय."

"रंग मलाबी कळंल," हरणाबाई म्हणाली. "आन् कवा मारलं, तेबी पायजे."

शिवकन्या लिहीत होती. तिनं मान वर केली. "आणि शेतकऱ्याला ठाऊकच नसलं तर?"

"मग हिरवा म्हणून टाकील," योगीराज म्हणाले. "कळप हातचा जाऊ नये म्हणून खोटं बोलंल. आपलीच माणसं, मला म्हाईत न्हायत व्हय?"

हरणाबाईनं कप खाली ठेवला. "त्येला 'ठावं न्हाय' म्हणू द्या की, मालक. आमी माळावर चारून पोटं भरून आणू. राती नांगरल्याल्या रानात जाळीत नुसती बसवू. तिथं तोंड लावायला काय असतंय?"

योगीराज हसले. "मग कशाला कोण खोटं बोलंल?"

शिवकन्येनं मागची पानं काढली. चारणं आणि बसवणं तिनं एकाच रकान्यात धरलं होतं. तिथं तिनं आडवी रेघ मारली आणि दोन्ही वेगळं केलं. 'माहीत नाही' या उत्तराला कळप नाकारायचा नाही, हेही ठळक लिहिलं. खाली सहीसाठी एकच जागा होती. तिनं दुसरी आखली. योगीराजांनी सही केली आणि कागद हरणाबाईपुढं सरकवला.

"बिराप्पा येऊ द्या की," ती म्हणाली.

"बोललात तुमी, सही बी तुमचीच," योगीराज म्हणाले.

तिनं सावकाश, अक्षर जुळवत नाव लिहिलं.

ॲप सुरू झालं तेव्हा पहिले काही आठवडे जवळजवळ सगळ्यांनी 'माहीत नाही' हेच दाबलं. समृद्धी मॅडम काळजीत पडल्या. शिवकन्येनं हरणाबाईला फोन केला.

"जातोय की आमी," हरणाबाई म्हणाली. "चारूनच जातोय. कोकरं ब्येस हायत."

पुढं हळूहळू शेतकरी वाटेकऱ्यांना विचारू लागले, रिकाम्या डब्यांचे रंग बघून ठेवू लागले. मग एके दिवशी योगीराजांचा फोन आला. उन्हात मोबाईलवर पिवळा कुठला आणि हिरवा कुठला, ते ओळखू येत नव्हतं.

"रंगाखाली नाव टाकता येईल," शिवकन्या म्हणाली. "पण ज्यांना वाचता येत नाही, त्यांचं काय करायचं, ते बघायला लागेल. मी येते."

आणि ती पुन्हा वाशीच्या एसटीत जाऊन बसली.