गुरुवारचा अर्धा तास

जयसिंहरावांनी शिट्टी फुंकली आणि हात वर केला. पळणाऱ्या दहाही मुली जागच्या जागी थांबल्या. प्रत्येकीने दोन बोटं गळ्याशी लावली. पंधरा सेकंद मोजायचे, चाराने गुणायचे. ते घड्याळाकडे पाहत राहिले.

"बस. सांगा."

"एकशे चाळीस."

"एकशे छत्तीस, सर."

"एक सौ चालीस."

उन्नतीचा आकडा शेवटी आला. तोही एकशे चाळीस. जयसिंहरावांनी मान हलवली आणि मुलींना पाणी प्यायला सोडलं. आठ मिनिटं खेळ, पाच मिनिटं विसावा. ग्वाल्हेरच्या गोरखी भागातल्या त्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर तीन वर्षं हाच नेम चालला होता. मुली पाठीमागे आपल्याला 'डॉक्टर साहब' म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. म्हणू देत, असं त्यांना वाटे.

एका सरकारी कंपनीच्या संघातून ते अकरा वर्षं खेळले होते. त्यातली चार वर्षं कप्तान होते. भारताची जर्सी दोनदा अंगावर चढली होती. बत्तिसाव्या वर्षी त्यांनी खेळ सोडला, तेव्हा दाना ओली गल्लीतल्या शेजाऱ्यांनी गुडघे गेले असतील असं धरून चाललं आणि त्यांनीही तो समज खोडून काढला नाही. गुडघे धड होते. शेवटच्या निवड शिबिरात, सरावाच्या सामन्यात, त्यांच्या संघातला भालचंद्र बास्केटखाली उडी घ्यायला गेला आणि पालथा पडला. त्याच्या अंगावरून पुढे पळताना जयसिंहराव ओरडले होते, "ऊठ रे, नाटकं पुरे!" तो उठला नाही. सव्वीस वर्षांचा होता. हृदयाचा स्नायू जाड झाला होता, असं डॉक्टर मागाहून म्हणाले.

त्यानंतर नऊ वर्षं त्यांनी चेंडूला हात लावला नाही. कंपनीच्या ग्वाल्हेरच्या कचेरीत ते टेबलावर बसले. मग ओळखीच्या लोकांनी गळ घातली, मुलींना शिकवणारं कुणी नाही म्हणाले, आणि ते हो म्हणून गेले. तेव्हापासून कोर्टवर एखादी मुलगी घसरून पडली, तरी ती हसत उठायच्या आत ते तिच्याजवळ पोचलेले असत. गेल्या वर्षी संघातली सोनिका म्हणाली, सर, चक्कर येतेय. त्यांनी तिच्या सगळ्या तपासण्या करवल्या. काही निघालं नाही; पोरगी सकाळपासून उपाशी होती. तरी पूर्ण मोसम त्यांनी तिला बाकावर बसवून ठेवलं. सोनिका आता बॅडमिंटन खेळते.

विसावा संपला. मुली परत खेळायला लागल्या. भोपाळची निवड चाचणी पाच दिवसांवर आली होती आणि उन्नतीची निवड होणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. इतक्यात फाटकातून तिची आई, दुर्गा, आत आली. हातात डबा होता.

"सर, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले."

"कशाबद्दल?"

"गुरुवारी उन्नती पडली ना. बरं झालं तुम्ही इथं होते. टीममधल्या गरिमानं सांगितलं, सरांनीच उचलून सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं. दोन मिनिटं डोळेच उघडले नाही म्हणे. ऊन लागलं असेल, नाही?"

गुरुवारी तर ते चाचणीच्या अर्जांवर सही घ्यायला गेले होते. अर्ध्या तासात परत आले तेव्हा मुली रोजच्यासारख्या बास्केटपर्यंत पळत जाऊन, उडी घेत ले-अप मारत होत्या. सगळ्यात पुढे उन्नती होती.

"हो," जयसिंहराव म्हणाले. आपल्या तोंडून 'हो' का निघालं ते त्यांना कळलं नाही.

ते वळले. उन्नती चेंडू घेऊन सुटली होती. तिच्या पुढे कुणीच नव्हतं. त्यांनी शिट्टी ओठांना लावली, पण तोंड इतकं कोरडं पडलं होतं की नुसती हवा गेली. ती दुसरं पाऊल टाकून उडाली. जयसिंहरावांनी डोळे मिटले. जाळीचा आवाज आला, मग तिचे बूट सिमेंटवर टेकल्याचा. मग त्यांनी डोळे उघडले.

"थांबा! सगळ्या इकडे या."

मुली गोळा झाल्या. दुर्गाला काहीतरी उमगलं असावं. ती डबा छातीशी धरून जवळ येऊन उभी राहिली.

"गुरुवारी काय झालं?"

उन्नतीने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"ही पहिलीच वेळ होती?"

"दुसरी," ती म्हणाली.

"आणि रोजचे आकडे?"

"आम्ही मोजतच नाही, सर. एकशे चाळीस बोललं की तुम्ही काही म्हणत नाही." तिचा आवाज चिरकला. "खरं सांगितलं तर तुम्ही बसवून टाकता. सोनिकाला बसवलंच ना! इतनी मेहनत की है मैंने, सर. भोपाळ झालं की सांगणारच होते."

जयसिंहराव कोर्टच्या कडेला, सिमेंटवरच बसले. एवढा उंच माणूस असा खाली बसलेला पाहून मुलीही एकेक करून बसल्या.

"माझा एक दोस्त होता, भालचंद्र," ते म्हणाले. "तो माझ्यासमोर कोर्टवरच गेला. सगळे म्हणाले, अचानक गेला. पेपरातही तसंच आलं." ते थांबले. "अचानक नव्हतं ते. त्या सकाळी त्याने मला सांगितलं होतं, जया, दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. मी म्हटलं, निवड होऊ दे, तोवर कुणाला बोलू नकोस. मी कप्तान होतो. त्याने माझं ऐकलं."

दुर्गाच्या तोंडून बारीक आवाज निघाला. ही गोष्ट त्यांनी आजवर भालचंद्रच्या आईलाही सांगितली नव्हती.

"उन्नती, उद्या सकाळी तू, आई आणि मी हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं. ते 'खेळ' म्हणाले, तर भोपाळला तू खेळशील. मी अडवणार नाही."

"आणि नको म्हणाले तर?"

दुर्गाने पुढे होऊन मुलीचा हात धरला.

"सोनिकाच्या बाबतीत मी चुकलो," ते मुलींना म्हणाले. "तिच्या घरी जाऊन तसं सांगेन. यापुढे खरं बोलली म्हणून कुणाला बसवणार नाही. डॉक्टर सांगतील तेवढंच."

चेंडू घरंगळत फाटकापर्यंत गेला होता, तो आणायला कुणी उठलं नाही. मग मागच्या ओळीत बसलेल्या गरिमाने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली आणि वर न बघता म्हणाली,

"सर, मुझे भी होता है."

जयसिंहराव उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

"कब से, बेटा?" त्यांनी विचारलं.