तपकिरी कडे आणि म्हातारबा

मित्रांनो, मी माशाच्या टाकीच्या फिल्टरमधले एक जुने, तपकिरी कडे आहे. करंगळीच्या पेराएवढे. माती भट्टीत भाजून मला घडवले, तेव्हा माझ्या अंगात डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोके राहिली. ती माझी खोड नव्हे, तीच माझी कमाई.

मासा पाळणाऱ्या ताई दुकानात आल्या, तेव्हा दुकानदाराने आधी प्लास्टिकचे गोळे पुढे केले. ताईंनी एका गोळ्यावर पाण्याचा थेंब सोडला. तो घरंगळून गेला. माझ्यावर सोडलेला थेंब मी पिऊन टाकला.

"बाई, फिल्टरचं सामान घेताय की स्थळ बघताय?" दुकानदाराने विचारले.

"स्थळच बघतेय," ताई म्हणाल्या. "कोट्यवधींना नांदायचंय इथे."

आम्हा दोनशे कड्यांना टाकीखालच्या फिल्टरच्या डब्यात जागा मिळाली. तिथे कायमचा अंधार आणि पंपाची गुणगुण. टाकीतले पाणी आमच्यातून वाहत जाई. महिनाभरात भोकाभोकांत जीवाणू राहायला आले. माशाच्या मलमूत्राने पाण्यात जे विष उतरते, त्यावरच त्यांची गुजराण. वर एकच मासा होता, अकरा वर्षांचा म्हातारबा. मी त्याला कधीच पाहिले नव्हते. पण तो जेवला की नाही, हे मला पाण्याच्या चवीवरून कळे. अंधारात मी त्याची स्वप्ने पाही. कधी तो ढगाएवढा असे, कधी ठिणगीएवढा.

मग गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ताई इस्पितळात गेल्या. घर धाकट्या भावावर सोपवले. त्याला सगळे 'चकाचक' म्हणत. ताई खूश होतील म्हणून त्याने डबा उघडला, आम्हाला टाकीच्याच पाण्यासकट बादलीत ओतले आणि नवी पांढरीशुभ्र कडी भरली. फेकून मात्र दिले नाही. कुंड्यांच्या तळाशी घालायला होतील, म्हणून बादली गच्चीत ठेवली.

दोन दिवसांनी ताई काठी टेकत घरी आल्या. त्यांचा आवाज गच्चीपर्यंत आला.

"अरे, म्हातारबा वर येऊन धापा का टाकतोय? काय केलंस?"

"काही नाही गं ताई, फिल्टरमधली सगळी घाण काढली."

"घाण नव्हती ती, वस्ती होती! त्याच्या पाण्यात विष साठलंय. जुनी कडी कुठायत?"

"बादलीत. पण ती मळकी…"

"तुझ्या कंजूषपणाचे उपकार झाले, चकाचक! आण पळत."

माझ्यातली वस्ती अर्धपोटी होती, पण जिवंत होती. भावाने आम्हाला वाडग्यात घेऊन टाकीजवळून नेले आणि तेव्हा मी म्हातारबाला प्रथम पाहिले. तो ढग नव्हता, ठिणगीही नव्हता. फिकट केशरी, थकलेला, तोंड उघडमीट करणारा एक जीव होता.

ताईंनी बरेचसे पाणी बदलले. नव्या कड्यांपैकी निम्मी काढून आम्हाला उरलेल्यांच्या शेजारी बसवले. "आता ही नव्यांना नांदायला शिकवतील," त्या म्हणाल्या. तरी तीन दिवस पाण्याला अन्नाची चव नव्हती.

मित्रांनो, असा डबा कधी उघडलात, तर आम्हाला टाकीतल्याच पाण्यात हलके विसळा. सगळ्यांना एकदम काढू नका. आम्ही मळकी दिसतो, कारण आमच्या घरात माणसे आहेत. माणसे म्हणजे, आमची माणसे.

चौथ्या दिवशी, अंधारात, माझ्यातून जुन्या ओळखीची चव वाहत गेली. म्हातारबा जेवला होता.